दाखवा हात

पुण्याला जायचं तीन वर्षं नुसतं ठरतच होतं. डी.एड.ला असताना जालन्यात आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. त्यातली एक आता पुण्यात नोकरीला आहे, अकराव्या मजल्यावर राहते. दुसरी जालन्यातच शाळेत शिकवते. तिसरी मी. मला नोकरी लागली नाही. मी बदनापूरच्या आत एका गावात नांदते आणि किडे पाळते. किडे हा त्या दोघींचा शब्द. आम्ही घरात अळ्या म्हणतो. रेशमाच्या अळ्या, तुतीचा पाला खाणाऱ्या.

"नाताळात या," पुण्यातली फोनवर म्हणाली, "न्हाई आलीस तर तुझं तोंड बघणार न्हाई." इतकी वर्षं पुण्यात राहूनही चिडली की तिच्या तोंडात जालनाच येतं.

मी हो म्हटलं आणि लगेच बोटांवर दिवस मोजले. अळ्या आयुष्यात चार वेळा कात टाकतात. त्या वेळी खाणं सोडून, मान वर करून, दिवस-दीड दिवस गप्प पडून राहतात. त्याला आम्ही मोल्ट म्हणतो; खालचा उरलेला पाला सुकावा म्हणून तेव्हा वरून चुना भुरभुरतात. चौथ्या मोल्टातून उठल्या की मात्र आठवडाभर जे खातात त्याला तोड नाही. मग कोष करायला बसतात. जी काय मेहनत आणि जो काय धोका, तो त्या आठवड्यात. आणि मोजून बघते तर आमची गाडी बरोबर चौथ्या मोल्टच्या दिवशी निघत होती.

"जा की," नवरा म्हणाला. "मी बघतो. मोल्टात काय ऱ्हातंय, चुना मारायचा अन् गप बसायचं."

हे ऐकून मी दिवस परत मोजले. तो बघणार होता, म्हणूनच तर काळजी होती.

त्याचं कारण मागच्या वर्षीच्या दिवाळीचं. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते, अळ्या शेवटच्या टप्प्यात, बोटाएवढ्या जाड. एका सकाळी शेडमध्ये गेले तर खालच्या रॅकवरच्या अळ्या डोकी वर करून डोलत होत्या. मग तोंडातून हिरवं पाणी. मग अंग आखडून निम्म्या होऊन पडल्या. दुपारपर्यंत खालचे दोन्ही रॅक गेले, दुसऱ्या दिवशी वरचे. आम्ही टोपल्यांनी उचलून बांधाकडेच्या खड्ड्यात टाकल्या. मदतीला शेजारपाजारचे आले होते. खड्ड्यापाशी उभी राहून, सगळ्यांच्या देखत, मी नवऱ्याला म्हटलं, "तुमच्या तंबाखूनं मेल्या ह्या. कितीदा सांगितलं, तो हात घेऊन आत येऊ नका."

त्याने फक्त एकदा म्हटलं, "मी धुतल्ते हात." मी म्हटलं, "धुतल्याने जातो का वास?" तो रिकामी टोपली घेऊन परत शेडकडे गेला.

तंबाखूने अळ्या मरतात हे खोटं नाही. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगतात. आमच्या शेडच्या दारावर मी स्वतः माझ्या डी.एड.च्या वळणदार अक्षरात फळा लिहिला आहे: तंबाखू, बिडी खाऊन-ओढून आत येऊ नये. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल लावू नये. अत्तर, पावडर लावून येऊ नये. हात-पाय धुऊन यावे. तो फळा आमच्या भागात नावाजलेला आहे. दोन-तीन जण फोटो काढून घेऊन गेले.

त्या दिवसानंतर नवऱ्याने तंबाखू सोडली. वीस वर्षांची सवय. महिनाभर चिडचिड केली, मग बडीशेप खायला लागला. पण गावाला विषय मिळाला तो मिळालाच. तो पारावर गेला की कोणीतरी म्हणायचं, "जर्दा आला रे, आपापले किडे सांभाळा." तो हसल्यासारखं करायचा. आणि मी? तंबाखू सोडली यावर मी विश्वास ठेवला नाही. रोज शेडच्या दारात त्याला उभं करायचे. "दाखवा हात." तो दोन्ही तळहात पुढे करायचा आणि मी नाकाला लावून वास घ्यायचे. शाळेत प्रार्थनेच्या वेळी नखं तपासतात ना, तसं. चाळिशीचा माणूस. कधी शेजारीण उभी असायची, कधी सासूबाई. त्यानंतरच्या सगळ्या बॅचेस चांगल्या गेल्या, त्यामुळे माझंच बरोबर होतं हेही ठरून गेलं.

आता चार दिवस त्याचे हात हुंगणार कोण? मी सासूबाईंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "अगं, मला दिवाळीपासून सर्दी. मला पोळी करपली तरी कळंना." म्हणजे तोही मार्ग बंद झाला.

जालन्याची मैत्रीण बसमध्ये आधीच माझी जागा धरून बसली होती. बदनापूरच्या स्टँडवर मी चढले तेव्हा नवरा खाली उभा होता, कान मफलरने बांधलेले. मी खिडकीतून सांगत होते, "सगळ्या उठल्याशिवाय पाला टाकू नका. काही उठल्या, काही निजल्या असल्या तर थांबा. ओला पाला नको. सकाळी थंडी असेल तर पडदे उघडू नका. आणि..."

"अन् हात धुतो," तो म्हणाला.

मैत्रीण हसली. मला हसू आलं नाही. बस सुटली आणि तो रस्त्याकडेला उभा राहून बडीशेपेची पुडी उघडताना दिसला. ती बडीशेपच होती का, हा विचार माझ्या डोक्यातून नगर येईपर्यंत गेला नाही.

पुणं सजलं होतं. मैत्रिणीच्या सोसायटीत प्रत्येक बाल्कनीत कागदी चांदण्या, गेटवर लाल टोपीतला वॉचमन. बिचाऱ्याला ती टोपी मोठी होत होती, सारखी डोळ्यावर यायची. संध्याकाळी आम्ही कॅम्पात गेलो. रस्ताभर दिव्यांच्या माळा, बेकरीपुढे केकसाठी रांग, त्या रांगेत नवीन स्वेटर घातलेली माणसं. जालन्याची मैत्रीण लहान पोरीसारखी हरखली होती. दर दहा पावलांवर फोटो. मला त्या गर्दीतही एकच दिसत होतं: आत्ता शेडमध्ये थंडी किती उतरली असेल.

मी फोन लावला.

"निजल्यात," नवरा म्हणाला.

"सगळ्या?"

"सगळ्या मी कशा मोजू?"

"दाखवा."

त्याने व्हिडिओ सुरू केला. आधी त्याची हनुवटी दिसली, मग छत, मग रॅक. पांढऱ्या चुन्याखाली अळ्या मान वर करून थांबलेल्या. माझ्या खांद्यावरून दोघी बघत होत्या. पुण्यातली म्हणाली, "अगं बाई, ह्यांच्यासाठी तू केक खाईनास?"

"तिची पोरं आहेत ती," जालन्याची म्हणाली. "किड्यांची आई."

मी केक खाल्ला. चांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन लागला नाही. दुसराही नाही. तिसराही नाही. पुण्यातली पोहे करत होती आणि मी मोबाईल हातात धरून स्वयंपाकघर ते बाल्कनी फेऱ्या घालत होते. डोळ्यांपुढे खालचा रॅक येत होता, डोलणारी डोकी, हिरवं पाणी. शेवटी साडेदहाला त्याचा फोन आला.

"पाला तोडून ऱ्हायलो होतो. हात ओले व्हते. उठल्या सगळ्या. बराबर उठल्या. पाला टाकलाय."

"खायला लागल्या?"

"लागल्या की."

"मान वर करून डोलत तर नाहीत ना?"

त्याने टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "न्हाई. अन् मी बी न्हाई डोलून ऱ्हायलो. फिर तू."

दोघींनी मला ओढूनच बाहेर काढलं. त्या दिवशी आम्ही खूप फिरलो, आणि दुपारी दोन-तीन तास मी खरोखर सुखात होते हे सांगायला पाहिजे. दुकानात तिघींनी एकसारख्या शाली घेतल्या, पूर्वी एकसारख्या ओढण्या घ्यायचो तशा. कशावरून तरी हसता हसता जालन्याचीला ठसका लागला आणि पाणी नाकात गेलं. इतकं मी वर्षभरात हसले नव्हते. उन्हं उतरली तसं पुण्यातली आम्हाला एका बागेतल्या कॉफीच्या दुकानात घेऊन गेली. झाडांना दिवे गुंडाळलेले, वेताच्या खुर्च्या, पायाशी डास.

"इथं हे एक वाईट," म्हणत तिने पर्समधून ट्यूब काढली आणि माझ्या तळहातावर क्रीम पिळलं. "लाव. तीच आहे ही. मागच्या वर्षी दिवाळीच्या पार्सलमध्ये तुला पाठवली होती ना, ती."

मी सवयीने दोन्ही हात एकमेकांवर चोळले. गुलाबासारखा वास आला, जरा उग्र.

आणि मी आमच्या शेडच्या दारात उभी होते.

तो वास मला तिथलाच आठवत होता. त्या वर्षीच्या पावसाळ्यात मला डासांचा ताप येऊन गेला होता. तुतीच्या रानात, पाटाच्या पाण्याजवळ संध्याकाळी डास फोडून खायचे. शेडमध्ये कॉइल लावायची नाही हा नियम मीच लिहिलेला. तेव्हा पुण्याहून पार्सल आलं: फराळाच्या बदल्यात सुका मेवा, एक साडी, आणि ही ट्यूब, 'डासांपासून जप गं' अशा चिठ्ठीसह. मला किती बरं वाटलं होतं. धूर नाही, जाळ नाही, कॉइल नाही. अत्तर-पावडरीच्या नियमात क्रीमही येतं हे डोक्यातच आलं नाही. दिवाळीनंतरचे आठ दिवस मी रोज संध्याकाळी हातापायांना ते क्रीम लावलं आणि त्याच हातांनी अळ्यांवर पाला पसरला.

खालच्या रॅकवर पाला मी टाकायचे. वरच्यावर नवरा टाकायचा, माझ्याच हातून घेतलेला. आधी खालच्या मेल्या.

हे मला तेव्हाही माहीत होतं. खालच्या आधी मेल्या हे मी स्वतः पाहिलं होतं, तरी खड्ड्याकाठी उभी राहून वरच्या रॅकवाल्याकडे बोट दाखवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. मी ट्यूब उलटी करून वाचली. बारीक अक्षरात काय काय लिहिलं होतं, पण वर ठळक होतं ते पुरेसं होतं: कीटकांना दूर ठेवते. आमच्या अळ्या कीटक नाहीत तर दुसरं काय आहेत?

मी उठून बेसिनपाशी गेले. साबण लावून हात धुतले, परत धुतले, नाकाला लावले. वास होताच. 'मी धुतल्ते हात,' तो म्हणाला होता. 'धुतल्याने जातो का वास?' मी म्हणाले होते.

"काय झालं गं?" पुण्यातली विचारत होती. तिला काय सांगणार? तिने मायेने पाठवलेली वस्तू. मी म्हटलं, डोकं दुखतंय.

तिथून पुढे ती ट्रिप माझ्यापुरती संपली. फोटोंत मी सगळीकडे आहे. एका मॉलमध्ये दोन मजले उंच सजवलेल्या झाडापुढे आम्ही तिघी एकसारख्या शालीत, त्या दोघी हसतायत आणि मी कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी बघतेय. आधी काळजी होती की तो घात करेल. आता त्याची काहीच काळजी नव्हती. तो हात धुऊन आत जात असणार, मी नसतानाही, हे मला आता पक्कं कळत होतं. भीती होती ती घरी जाण्याची. फोन त्याचेच यायला लागले. "खाऊन ऱ्हायल्यात. पाला पुरतोय. तू मजा कर." प्रत्येक वेळी मी तोंड उघडायचे आणि विचारायचे, "जेवलात का?"

परतीच्या बसमध्ये मी जालन्याच्या मैत्रिणीला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, संत्रं सोललं, अर्धं मला दिलं.

"सांगूच नको," ती म्हणाली. "आता सगळं बरं चाललंय ना? त्याची तंबाखू सुटली, ते तर चांगलंच झालं. जुनं उकरून काय मिळणार?"

तिचं म्हणणं इतकं सोयीचं होतं की मी बराच वेळ त्याला धरून बसले. खरंच, तंबाखू सुटली हे वाईट झालं का? त्याच्या तब्येतीचं भलंच झालं. ते पारावरचं 'जर्दा आला' माझ्या कानात वाजलं नसतं, तर मी तिचं ऐकलंही असतं. पुण्यातलीने निघताना पिशवीत दोन नव्या ट्यूबा घातल्या होत्या. वाटेत बस चहाला थांबली तिथे मी त्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. तिची माफी मी अजून मागितलेली नाही.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. पिशवी ओट्यावर टाकून मी सवयीने थेट शेडकडे गेले. दारातूनच आवाज आला, हजारो तोंडांनी पाला कुरतडल्याचा बारीक आवाज. इतका सारखा आणि जोरात की माझे डोळे भरून आले. नवरा दारात आला. अंगावर जुना शर्ट, हाताला चुना.

"थांब," तो म्हणाला. त्याने नाक वर केलं. "कसला वास हाय? सेंट लावलाय का काय? आंघोळ करून ये आधी. कपडे बदल. मंग आत."

तो बरोबर होता. माझ्याच फळ्याखाली तो उभा होता.

"ऐका," मी म्हटलं, "मागच्या वर्षी दिवाळीतल्या अळ्या तुमच्या तंबाखूनं मेल्या नाहीत. मी मारल्या." आणि सगळं सांगितलं. ट्यूब, खालचा रॅक, सगळं. मध्येच रडू आलं, तरी थांबले नाही. थांबले असते तर परत बोलले नसते.

तो ऐकत होता. चुन्याचे हात अंगापासून लांब धरलेले. माझं संपल्यावर त्याने एवढंच विचारलं, "म्हंजे मी तंबाखू उगंच सोडली?"

मला हसावं की रडावं कळेना. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तो शेडकडे वळला, परत फिरला, आणि जरा खालच्या आवाजात म्हणाला, "अन् मला काय सांगून ऱ्हायलीस? मला म्हाईतच व्हतं, मी हात धुतल्ते. ज्यायच्यापुढं बोललीस त्यायला सांग."

मग तो आत गेला आणि जाळीचं दार लावून घेतलं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आम्ही बोलत होतो, पाल्याचं, थंडीचं, सासूबाईंच्या सर्दीचं. त्या गोष्टीबद्दल तो पुन्हा काही बोलला नाही आणि मी त्याचे हात पुन्हा हुंगले नाहीत. रोज वाटायचं, आज शेजारणीला सांगावं. रोज तिच्या ओट्यापर्यंत जाऊन विरजण मागून परत यायचे. अळ्या कोष करायला बसल्या. पांढरे, टणक, एकसारखे कोष. इतकी चांगली बॅच आमच्याकडे कधीच झाली नव्हती, आणि मला त्याचा आनंद घेता येत नव्हता.

कोष काढायच्या दिवशी आमच्याकडे सावड असते. शेजारपाजारचे सगळे हाताला हात लावायला येतात. आज ते आमच्याकडे, उद्या आम्ही त्यांच्याकडे. सकाळी नऊ-दहा जण शेडबाहेर जमले. मागच्या वर्षी खड्ड्यापाशीही हेच लोक होते. ते पाय धूत असताना कोणीतरी नवऱ्याला म्हणालं, "जर्दा, यंदा मालकिणीनं हात हुंगले का तुझे?" सगळे हसले. तोही नेहमीसारखा हसल्यासारखं करायला लागला.

"मागच्या वर्षीच्या अळ्या त्यांनी मारल्या नव्हत्या," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं. "मी मारल्या होत्या. मच्छरचं क्रीम लावून मी पाला टाकला. त्यांनी हात धुतले होते. मी खोटं बोलले सगळ्यांपुढं."

हसणं थांबलं. एक म्हातारे काका म्हणाले, "क्रीमनं मरतेत?" मी हो म्हटलं. शेजारीण माझ्याकडे बघत राहिली, मग नवऱ्याकडे. नवरा दाराशी उभा होता, चौकटीला टेकून.

सगळे आत जायला लागले तशी मीही निघाले. दारात पोचले आणि माझे पाय आपोआप थांबले. मी दोन्ही तळहात त्याच्यापुढे धरले.

मला वाटलं होतं, तो हात बाजूला सारेल. काहीतरी चेष्टा करेल, म्हणेल, असू दे आता. त्याने तसं काही केलं नाही. त्याने माझे हात धरून नाकाजवळ नेले. आधी उजवा, मग डावा. रोज मी घ्यायचे तसाच, अजिबात घाई न करता, सगळ्यांच्या देखत त्याने वास घेतला.

"जा," तो म्हणाला आणि दारातून बाजूला झाला.